अठ्ठावीस वाती: मॅटिनिकस रॉक, जानेवारी १८५६

ॲबी बर्जेसची गोष्ट अमेरिकेत मुलांना सांगतात ती साधारण अशी: वडील किनाऱ्यावर गेले, वादळ आलं आणि धीट मुलीने दीपगृहाचा दिवा विझू दिला नाही. गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातला ‘दिवा’ एकवचनी आहे आणि तिथेच ती फसते. दिवे अठ्ठावीस होते.

हे प्रकरण मी त्या अठ्ठावीस दिव्यांच्या अंगाने मांडतोय, आणि त्याला कारण आहे. ॲबीच्या दोन पत्रांमुळे आपल्याला हे सगळं आतून कळतं. पहिलं पत्र तरुणपणीचं, वादळाबद्दल. दुसरं आयुष्याच्या उताराला लागल्यावरचं. त्या दुसऱ्या पत्रातला जो भाग आज सगळीकडे छापला जातो, त्यात लाट नाही, वारा नाही, वाहून गेलेलं घर नाही. नुसते दिवे आहेत. दीपगृहावर वाढलेल्या मुलीच्या आठवणीतून वादळ गळून पडावं आणि वाती तेवढ्या उराव्यात, हे का झालं असेल, एवढंच मला पाहायचं आहे.

जागा आणि माणसं

मॅटिनिकस रॉक हा मेन राज्याच्या किनाऱ्यापासून अठराएक मैल आत, खुल्या अटलांटिकमध्ये असलेला ग्रॅनाइटचा खडक. तीसेक एकर. झाड नाही. जवळची वस्ती उत्तरेला पाचेक मैलांवर, मॅटिनिकस नावाच्याच बेटावर. बाजारहाटाचं बंदर रॉकलंड, तिथून आणखी लांब. खडकावर उतरायचं तर लाट बघून, वेळ साधून. समुद्र खवळलेला असेल तर आठवडेच्या आठवडे होडी लागत नाही. पावसाळ्यात थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीकडे नुसतं बघत बसावं लागतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांनी त्यात फक्त बर्फ मिळवावं.

इथे पहिलं दीपगृह १८२७ मध्ये झालं: दगडी घर आणि त्याच्या दोन टोकांना लाकडी मनोरे. पुढे १८४० च्या दशकात ग्रॅनाइटचं नवं घर बांधलं, त्यालाही दोन टोकांना दोन मनोरे. जुनं घर तसंच उभं राहिलं. मनोरे दोन कशासाठी? तर ओळखीसाठी. त्या काळी बरेचसे दिवे एकसारखे, न लुकलुकता जळायचे. रात्री लांबून येणाऱ्या खलाशाला शेजारी शेजारी दोन दिवे दिसले की तो समजायचा, हा मॅटिनिकस रॉक. एकच दिसला तर तो दुसराच कुठला तरी खडक समजून चुकीच्या दिशेला वळायचा. म्हणजे इथे अर्धं काम चालत नव्हतं. एक मनोरा अंधारात राहणं हे दोन्ही विझण्यापेक्षा वाईट ठरू शकत होतं.

१८५३ मध्ये सॅम्युएल बर्जेस इथे रखवालदार म्हणून आला. पगार वर्षाला ४५० डॉलर. बरोबर अंथरुणाला खिळल्यासारखी आजारी बायको, ॲबी आणि तिच्या धाकट्या बहिणी. एक भाऊ होता, पण तो मासेमारीच्या निमित्ताने बराच काळ बाहेर असे. ॲबीचा जन्म ऑगस्ट १८३९ चा, म्हणजे खडकावर आली तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची. वादळाच्या वेळी सोळा. (सांगणारे तिला कधी चौदाची करतात, कधी सतराची. गोष्टीला जे वय शोभेल ते.)

वडिलांनी तिला दिव्यांचं काम लवकरच शिकवलं. शिकवावंच लागलं. ते जिवंत राहण्याच्या हिशोबात होतं: बाप लॉबस्टर पकडायला किंवा सामान आणायला गेला तर मागे हात कुणाचे?

काम नेमकं काय होतं

माझ्या आजोळी वीज उशिरा आली. दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचं काम नातवंडांकडे असायचं, कारण लहान हात काचेत सहज जातो. चुलीतली राख, जुन्या धोतराचा तुकडा, आत फुंकर मारून गोल गोल फिरवायचं. वात आजी स्वतः कापायची. आमच्यापैकी कुणी कापली की हमखास तिरकी जायची, मग ज्योतीला एका बाजूने शेंडी फुटायची आणि तासाभरात काच पुन्हा काळी. एक कंदील होता तो. त्याचाही आम्हाला कंटाळा यायचा.

मॅटिनिकस रॉकवर एका मनोऱ्यात चौदा आणि दुसऱ्यात चौदा दिवे होते, आर्गां पद्धतीचे. या दिव्याची वात पोकळ नळीसारखी असते. हवा आतूनही लागते आणि बाहेरूनही, वर काचेची चिमणी, त्यामुळे ज्योत साध्या वातीपेक्षा बरीच उजळ जळते. प्रत्येक दिव्यामागे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा खोलगट आरसा. म्हणजे सकाळी मोजायचं तर अठ्ठावीस वाती कापायच्या, अठ्ठावीस चिमण्या पुसायच्या, अठ्ठावीस आरसे घासायचे, तेही बेताने, नाहीतर मुलामाच निघून येतो. अठ्ठावीस टाक्यांत तेल भरायचं. मनोऱ्याच्या मोठ्या काचांवर आतून काजळी आणि बाहेरून खारं पाणी, हिवाळ्यात त्याचा बर्फ, तो खरवडायचा. संध्याकाळी सगळं पेटवायचं. रात्री उठून पुन्हा वाती बघायच्या, कारण अशी वात रात्रभर आपापली नीट जळत नाही.

त्यात तेल देवमाशाचं. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं आणि वातीत चढत नाही. मग ते चुलीवर कोमट करून गोठायच्या आत वर न्यायचं. जानेवारीत तिकडे सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो आणि सातच्या पुढे उगवतो. चौदा तासांहून मोठी रात्र.

आता एक गोष्ट, जी या प्रकरणाच्या बहुतेक सांगण्यांतून सुटते. हे अठ्ठावीस दिवे १८५६ मध्ये आधीच कालबाह्य होते. फ्रान्समध्ये फ्रेनेलची भिंगं १८२० च्या दशकातच निघाली होती. त्या भिंगात मधोमध एकच मोठा दिवा लागतो आणि काचेच्या कड्या त्याचा प्रकाश गोळा करून क्षितिजाकडे पाठवतात. अमेरिकेची दीपगृहं मात्र १८२० पासून १८५२ पर्यंत स्टीफन प्लेझंटन नावाच्या खजिन्यातल्या एका लेखापरीक्षकाच्या ताब्यात होती. माणूस हिशोबाचा पक्का, समुद्राची माहिती शून्य. भिंगं महाग म्हणून त्याने विन्स्लो लुइसच्या स्वस्त आरशांचीच पद्धत वर्षानुवर्षं चालू ठेवली. जहाजांचे कप्तान ओरडत राहिले. शेवटी चौकशी होऊन १८५२ मध्ये दीपगृह मंडळ नेमलं गेलं आणि भिंगं बसवायला सुरुवात झाली. मॅटिनिकस रॉकवर नवे, वेगळे ग्रॅनाइटचे मनोरे आणि भिंगं आली १८५७ मध्ये. वादळानंतर एका वर्षाने.

म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीने जे अठ्ठावीस दिवे सांभाळले, ते खरं तर दोन असायला हवे होते. लेखापरीक्षकाने वाचवलेले पैसे कुणाच्या तरी कष्टांतून आणि झोपेतून निघत होते, एवढंच.

१९ जानेवारी

घरातलं सामान संपत आलं होतं, आईची औषधंही. समुद्र जरा शांत दिसला तसा सॅम्युएल होडी घेऊन रॉकलंडला निघाला. भाऊ खडकावर नव्हता. मागे राहिल्या आजारी आई, ॲबी आणि लहान बहिणी. बाप निघाला आणि हवा फिरली.

पुढचं ॲबीने एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आहे. पत्राचा सूर मला फार आवडतो. सुरुवातच अशी की तुला समुद्र रागावलेला बघायचा होता ना, १९ जानेवारीला इथे असतीस तर तुझं समाधान झालं असतं. मग ती सांगते: सकाळी भरती चढू लागली तसं पाणी सबंध खडकावरून आरपार जाऊ लागलं आणि हलण्यासारखं जे होतं ते सगळं गेलं. नव्या घरात पाणी शिरलं. फवाऱ्याच्या माऱ्याने खिडक्या फुटू नयेत म्हणून त्या बांधून घ्याव्या लागल्या. पाणी वाढत वाढत शेवटी टिकून राहण्यासारखी जागा म्हणजे मनोरेच उरले. ते उभे राहिले तर आपण वाचलो. पण का कोण जाणे, असं ती लिहिते, मला भीती वाटली नाही आणि मी नेहमीसारखी कामाला लागले.

‘नेहमीसारखी कामाला लागले’ हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग कोंबड्या. त्या खडकावर त्यांच्याशिवाय सोबत अशी नव्हतीच, हे ती स्वतः लिहिते. वादळ वाढलं तसं तिला कळून चुकलं की कोंबड्या आत आणल्या नाहीत तर गेल्या. आई म्हणाली, जाऊ नकोस. ॲबीने टोपली उचलली. एक लाट येऊन गेली, पाणी थोडं ओसरलं, तेवढ्यात ती गुडघाभर पाण्यातून खुराड्यापर्यंत धावली आणि एक सोडून सगळ्या कोंबड्या टोपलीत घालून परत आली. दार लावते न लावते तोच खिडकीशी उभी असलेली धाकटी बहीण ओरडली, “अगं बघ, बघ तिकडे! सगळ्यात मोठी लाट येतेय!” त्या लाटेने जुनं दगडी घर नेलं. दगडावर दगड राहिला नाही.

सावध वाचक इथे थांबून विचारेल: कोंबड्यांसाठी जीव धोक्यात घालायचा? आईला नीट सांभाळणारी घरात एकच व्यक्ती, तीच वाहून गेली असती तर दिवेही गेले असते आणि घरही. शहाणपणाच्या तराजूत हे बसत नाही. मलाही बसवावंसं वाटत नाही. ती सोळा वर्षांची होती आणि तिला सोबत म्हणून जे काही त्या खडकावर फिरत होतं, ते त्या खुराड्यात होतं.

वादळ ओसरलं तरी समुद्र बसला नाही. चार आठवडे खडकावर होडी लागली नाही. घरात कुणी पुरुष माणूस नाही. ती थकून जायची, हेही ती लिहिते, पण एकदाही दिवे चुकले नाहीत. अठ्ठावीस दिवे, चार आठवड्यांच्या अठ्ठावीस रात्री: ७८४ वेळा वात पेटवणं. वडिलांचं काम आणि स्वतःचं नेहमीचं काम, दोन्ही. आईचं औषधपाणी, बहिणींचं खाणं, ओलं झालेलं घर. आणि घरात बोलायचं तरी ओरडून, कारण समुद्राच्या आवाजापुढे आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, असं पत्राच्या शेवटी तिने म्हटलंय. मैत्रिणीला ती बजावते की तुला इथे फार दिवस राहायला आवडेल असं मला वाटत नाही.

बापाचं चुकलं का

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर आजारी बायको आणि मुली मागे ठेवून जाणारा बाप. आजच्या नजरेला हे बेजबाबदार दिसतं. पण त्याच्यापुढे दुसरा पर्याय काय होता ते बघायचं तर एक वर्ष पुढे जावं लागतं.

१८५७ मध्ये तेच पुन्हा घडलं. बाप सामान आणायला गेला आणि हवेमुळे अडकला. घरातलं अन्न संपत आलं तेव्हा या खेपेला भाऊ खडकावर होता. तो शीड लावलेल्या छोट्या होडीतून मदतीला निघाला आणि मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांदेखत लाटांत दिसेनासा झाला. एकवीस दिवस ना बापाचा पत्ता, ना भावाचा. रोज माणशी एक कप मक्याचं पीठ आणि एक अंडं, यावर घर चाललं. दोघेही पुढे सुखरूप परतले. दिवे तेव्हाही ॲबीकडेच होते.

तर न जाणं म्हणजे काय, हे या एकवीस दिवसांनी सांगितलं: बाप गेला नसता तर ही उपासमार आदल्याच हिवाळ्यात आली असती. आणि ती अंडी बघितल्यावर कोंबड्यांचा तराजूही जरा दुसरीकडे कलतो, हे कबूल करतो. आदल्या वर्षीच्याच कोंबड्या त्यात होत्या का, ते सोडून देऊ.

चूक शोधायचीच तर ती बापात नाही. चार माणसांचं काम असलेल्या ठिकाणी एकाला पगार द्यायचा आणि उरलेल्यांची सोय त्याच्या घरातून होईल असं गृहीत धरायचं, ही रीत होती. रखवालदाराची नेमणूक म्हणजे त्याच्या बायकोमुलांचीही नेमणूक, फक्त त्यांचं नाव कुठल्या पगारपत्रकात नाही. आपल्याकडे वतनदारीत, पाटीलकीत, देवळाच्या पूजेअर्चेत हे चालत आलेलं आहेच. दिव्याचं तेल सरकारचं, वात सरकारची, कापणारा हात मात्र फुकट. १८५६ च्या त्या चार आठवड्यांचे ॲबीला काही मिळाले नाहीत.

पुढे

१८६० मध्ये लिंकन निवडून आले आणि १८६१ मध्ये सरकार बदललं. त्या काळी दीपगृहाच्या नोकऱ्या पक्षाच्या मर्जीवर असत, त्यामुळे सॅम्युएल बर्जेस गेला आणि जॉन ग्रँट आला. ॲबी मात्र काही दिवस मागे राहिली. नव्या रखवालदाराला तिथलं काम शिकवायचं होतं. खडकावरची खरी जाणकार कोण, हे इथे एकदाचं कागदावर न येता कबूल झालं. जॉनबरोबर त्याचा मुलगा आयझॅक आला होता. ॲबीने त्याच्याशी लग्न केलं आणि मग कुठे ती अधिकृतपणे सहायक रखवालदार झाली. तिची मुलंही त्याच खडकावर झाली. १८७५ मध्ये आयझॅकची बदली व्हाइटहेडच्या दीपगृहावर झाली, किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ. ॲबी तिथेही सहायक. १८९२ मध्ये ती वारली, बावन्न वर्षांची.

१९९७ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने एका जहाजाला तिचं नाव दिलं. ते जहाज समुद्रातली खुणेची तरंगती बोयरी सांभाळतं आणि त्याचं ठाणं आहे रॉकलंड. ज्या बंदरात बाप अडकून बसला होता, तेच.

दुसरं पत्र

हे तिने दीपगृहाची नोकरी संपत आली तेव्हा लिहिलं. ती म्हणते, कधी कधी वाटतं, या पायऱ्या चढायचे दिवस आता फार उरले नाहीत. दिवा जणू माझाच भाग होता. कित्येक रात्री माझ्या वाट्याची जागरणाची पाळी संपल्यावर मला उरलेली रात्र झोप यायची नाही. दिवा विझला तर काय होईल या काळजीने.

पहिल्या पत्रातली मुलगी आठवा. घर वाहून जातंय आणि ती म्हणते भीती वाटली नाही, नेहमीसारखी कामाला लागले. मला वाटतं दोन्ही पत्रं खरी आहेत आणि त्यांत विसंगती नाही. मुलांचं असंच असतं. हातात काम दिलं की भीतीला बसायला जागा मिळत नाही. चौदा तासांच्या रात्रीत चौदा आणि चौदा दिव्यांच्या मध्ये धावणाऱ्या मुलीला घाबरायला उसंतच नव्हती. ती भीती गेली नव्हती, थकबाकीसारखी राहिली होती, आणि पुढे व्याजासकट आली. आली तीही लाटेच्या रूपात नाही. लाटेचं तिला काही करायचं नव्हतं. लाट यायची आणि जायची. तिचा शब्द गुंतला होता तो वातींत.

म्हणून तिच्या आठवणीत वादळ नाही. वडिलांच्या वेळचे ते जुने दिवे माझ्या मनावर इतके कोरले गेलेत की अजून स्वप्नात येतात, असं ती लिहिते. हेही लक्षात घ्या की ते दिवे १८५७ नंतर राहिलेच नव्हते. पुढची कितीतरी वर्षं तिने भिंगांचे नवे दिवे सांभाळले, सोपे, मोजके. स्वप्नात ते येत नाहीत. येतात ते लहानपणीचे, ज्यांची जागा कधीच दुसऱ्यांनी घेतली होती.

एक इच्छाही तिने त्यात लिहून ठेवली होती. थडग्यावर दगड बसवायचाच झाला तर तो दीपगृहाच्या आकाराचा असावा. ती १९४५ मध्ये एडवर्ड रो स्नो या किनारपट्टीच्या इतिहासकाराने पुरी केली. स्प्रूस हेड इथे तिच्या थडग्यावर छोटं धातूचं दीपगृह आहे.

स्वप्न तिने असं सांगितलंय. आपण फार दिवस बाहेर होतो आणि आता वेळेत पोचून दिवे लावायचे आहेत. ती मॅटिनिकस आणि व्हाइटहेड यांच्या बरोबर मध्यावर आहे आणि सूर्य मावळायच्या आत खडकाकडे निघाली आहे. कधी पाण्यावरून चालत, कधी होडीत, कधी हवेतून. पोचल्यावर दिवे पुसायचे, लावायचे, सगळं जसंच्या तसं, आणि जागेपणी वाटायची त्यापेक्षा काळजी जास्त. दोन्हीकडचे दिवे लागलेले दिसेपर्यंत तिला जाग येत नाही.